घराला हात लावण्यापूर्वी

घर पाहावे बांधून, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्या कुणी ती केली, त्याने राहत्या घराची दुरुस्ती कधी काढली नसावी. नवे घर बांधणारा माणूस संध्याकाळी जुन्या घरी परत येतो, हातपाय धुतो, दोन घास सुखाने खातो. दुरुस्ती काढणाऱ्याला तीही सोय नाही. देव एका खोक्यात, भांडी दुसऱ्या खोक्यात, गॅसची शेगडी गॅलरीत, आजी-आजोबांची रवानगी लेकीकडे, आणि आपण सिमेंटच्या धुळीत! एवढे सोसून शेवटी नव्या न्हाणीघराचे पाणी खालच्यांच्या छतातून ठिबकू लागले, तर खालची मंडळी आपल्याच दारी येतात. कंत्राटदाराचा फोन त्या दिवशी हटकून लागत नाही.

सरकारी बांधकाम खात्यात माझी तीस वर्षे गेली. कंत्राटदाराने केलेले काम फीत धरून मोजायचे, मोजमाप-पुस्तकात लिहायचे आणि त्यावरून बिल करायचे, हा माझा उद्योग. निवृत्त झाल्यापासून नातेवाईक आणि शेजारी एकच विनंती घेऊन येतात : "एखादा चांगला कंत्राटदार सांगा हो!" मी सहसा नाव सांगत नाही. ज्याने एकाचे काम चोख केले तो दुसऱ्याचेही तसेच करील, असा भरवसा देता येत नाही. त्याच्या हाताखालचे मिस्त्री तर दर कामाला बदलतात. त्यापेक्षा पारख कशी करावी ते समजून घेतलेले बरे. ते काही अवघड शास्त्र नव्हे. भाजीवाल्याचा काटा आणि सोनाराची घडणावळ ज्या घरात नीट पाहिली जाते, त्या घराला कंत्राटदारही पारखता येईल.

पाटीवरचे शब्द

पहिली गोष्ट म्हणजे, दारावर ‘रजिस्टर्ड कॉन्ट्रॅक्टर’ किंवा ‘सरकारमान्य ठेकेदार’ अशी पाटी पाहून निश्चिंत होऊ नये. डॉक्टरला नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते. पण आपल्या राज्यात खाजगी घरांच्या दुरुस्तीचे ठेके घेणाऱ्याला असा एकच एक परवाना नाही. कालपर्यंत रंगाचे डबे विकणारा उद्या पाटी लावू शकतो. सार्वजनिक बांधकाम खाते कंत्राटदारांची वर्गवार नोंदणी करते हे खरे. पण ती सरकारी कामांच्या निविदा भरण्यासाठी असते. उत्तम मोऱ्या आणि रस्ते बांधणाऱ्या गृहस्थाला तुमच्या मोरीची गळती थांबवता येईलच असे नाही.

म्हणून पात्रता एका कागदावर शोधू नये; ती कामाच्या तुकड्यांत शोधावी. विजेचे काम करणाऱ्याला राज्याच्या विद्युत विभागाचा ठेकेदारीचा परवाना लागतो, आणि प्रत्यक्ष तारा ओढणाऱ्या तारतंत्रीलाही स्वतंत्र परवाना असतो. नळकाम करणाऱ्यांना अनेक महापालिका परवाने देतात. ‘आर्किटेक्ट’ ही पदवी लावायची तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे वास्तुकला परिषदेकडे नाव नोंदलेले असावे लागते. ‘इंटिरिअर डिझायनर’ म्हणवून घ्यायला मात्र तशी अट नाही. इमारतीच्या सांगाड्याविषयी बोलण्याचा अधिकार स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. मुख्य कंत्राटदाराला सरळ विचारावे, "वीज कोण करणार? नळ कोण करणार? त्यांचे परवाने दाखवा." ज्याच्याकडे नेहमीची माणसे आहेत तो दुसऱ्या दिवशी कागद आणून देतो. ज्याच्याकडे नाहीत तो म्हणतो, "आपलाच माणूस आहे, काळजी करू नका."

जीएसटीचा क्रमांक दिला असेल तर तो सरकारी संकेतस्थळावर घालून पाहावा. धंदा कोणाच्या नावाने आहे, नोंदणी कोणत्या तारखेची आहे आणि ती चालू आहे की रद्द झाली, हे घरबसल्या कळते. वर्षाला वीस लाखांहून कमी उलाढाल असणाऱ्या लहान कंत्राटदाराला ही नोंदणी नसली तरी चालते. पण मग त्याला तुमच्याकडून तो कर मागताही येत नाही. आणि "बिल नको म्हणालात तर १८ टक्के वाचतील," असे कोणी सुचवले तर एवढेच ध्यानात ठेवावे, की उद्या भांडण झाले तर ते बिल हाच तुमचा साक्षीदार. त्याला आपण आधीच घराबाहेर घालवतो आहोत.

तीन माणसे, तीन आकडे

माझ्या पुतणीने कोथरूडच्या आपल्या घराची दुरुस्ती काढली, तेव्हाची हकीकत सांगतो. इमारत १९८५ च्या सुमाराची, चार मजली. हिचे घर दुसऱ्या मजल्यावर. न्हाणीघर आणि संडास नव्याने करायचे, स्वयंपाकाचा ओटा बदलायचा, जुनी वायरिंग काढून नवी टाकायची, आणि स्वयंपाकघर व दिवाणखाना यांच्यामधली भिंत पाडून जागा मोकळी करायची, असा बेत. तिने तीन कंत्राटदार बोलावले आणि मला नुसते बसायला बोलावले. "काका, तुम्ही काही बोलू नका, फक्त पाहा," अशी अट घातली होती.

पहिले गृहस्थ दहा मिनिटांत घर पाहून मोकळे झाले. स्वतःच्याच कार्डाच्या पाठीमागे आकडा लिहून दिला : ४ लाख ७५ हजार. "ताई, सगळं आलं त्यात. तुम्ही नुसत्या महिन्याभरानं राहायला या." भिंतीचे काय? "पाडून टाकू. दोन दिवसांचं काम."

दुसऱ्यांनी संगणकावर चित्रे दाखवली. चित्रांतले स्वयंपाकघर इतके सुंदर होते, की त्यात फोडणी करायला कोणाचा हात धजणार नाही. आकडा ६ लाख ९० हजार. अंदाजपत्रक तीन पानांचे, त्यातली दोन पाने चित्रांची. तिसऱ्या पानावर ‘बाथरूम – १ नग’, ‘किचन – १ नग’, असा मजकूर. भिंतीचे काय? "ओपन किचनच करायचं, सध्या तेच चालतं."

तिसरे गृहस्थ वयस्क. बरोबर एक मुलगा होता, त्याच्या हातात फीत आणि वही. दीड तास दोघे मोजत होते. इमारत किती सालची, पूर्वी गळती झाली होती का, वरच्यांनी काही फेरफार केलेत का, असे प्रश्न झाले. मग त्यांनी खालच्या मजल्यावर जाऊन, तिथल्या वृद्ध जोडप्याची परवानगी घेऊन त्यांच्या न्हाणीघराचे छत पाहिले. आणि भिंतीपाशी येऊन म्हणाले, "ताई, हा कोपरा पुढे आलाय ना, तो खांब आहे. भिंतीच्या डोक्यावरून तुळई गेलीय. मधली भिंत नुसती विटांची असावी असं मला वाटतं. पण नुसत्या वाटण्यावर मी घण घालत नाही. इंजिनिअरचं पत्र आणा, सोसायटीची परवानगी आणा, मग पाडू. नाहीतर एवढं काम माझ्याकडे देऊ नका." चार दिवसांनी त्यांचा कागद आला. सत्तावीस बाबी, प्रत्येकीचे माप, दर आणि रक्कम. बेरीज ६ लाख ५ हजार.

जावईबापू हिशेबी. "काका, पहिला माणूस एक लाख तीस हजारांनी स्वस्त आहे!" मी म्हटले, "तिसऱ्याच्या सत्तावीस बाबी पहिल्याला फोनवर वाचून दाखवा, आणि त्यातल्या कोणत्या तुमच्या आकड्यात आहेत, ते विचारा." जावयांनी विचारले. राडारोडा उचलून नेणे त्यात नव्हते. जलरोधाचे काम ‘लागलं तर वेगळं’. नळ आणि भांडी गिऱ्हाइकाची. विजेची मुख्य पेटी नव्हती. खणलेल्या भिंतींचा रंग नव्हता. ही सगळी बेरीज पहिल्या आकड्यात मिळवली, तेव्हा ती ६ लाखांच्या पुढे गेली. कार्डाच्या पाठीमागे जागाच थोडी. त्याला बिचारा कंत्राटदार तरी काय करणार!

काम तिसऱ्याला मिळाले. इंजिनिअर येऊन गेले. भिंत विटांचीच निघाली. मात्र खांब आणि तुळई यांना छिन्नी लावायची नाही असे त्यांनी लिहून दिले, आणि पुतणीला हवी होती त्याहून थोडी अरुंद, पण निर्धास्त अशी मोकळी जागा मिळाली.

‘नाही’ म्हणणारा

या तिघांत मला पारख पटली ती तिसऱ्याच्या मापांवरून आणि त्याहून अधिक त्याच्या नकारावरून. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक इच्छेला मान डोलावणारा कंत्राटदार आपल्याला आवडतो. पण घराच्या बाबतीत ‘हे मी करणार नाही’ असे म्हणणारा माणूस लाखमोलाचा असतो.

२५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरला सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली. सतरा माणसे गेली. तळमजल्यावरच्या जागेत नूतनीकरणाचे काम चालू होते, आणि त्यात इमारतीच्या खांबांना धक्का लावला गेला, असा आरोप पोलिसांनी ठेवला. वर राहणाऱ्यांनी कोणतीही दुरुस्ती काढली नव्हती. ते आपापल्या घरी होते, एवढेच.

खांब किती भार वाहतो याची कल्पना सामान्य माणसाला नसते. चार मजली इमारतीच्या मधल्या एका खांबावर चाळीस-पन्नास टन सहज येतात. त्या खांबातील मुख्य सळईवर साधारण ४० मिलिमीटर काँक्रीटचे कवच असावे असे भारतीय मानक सांगते. सव्वा-दीड इंचाच्या या कवचात पाइप दडवण्यासाठी खाच पाडली, की सळईला हवा-पाणी लागून गंज चढू लागतो. गंजलेली सळई फुगते आणि उरलेले कवच फोडून बाहेर येते. खाच पाडणारा मिस्त्री तेव्हा चार गावे पुढे गेलेला असतो.

असेच भाराचे दुसरे उदाहरण. जुनी फरशी न उखडता तिच्यावरच नवी बसवण्याची पद्धत आहे. धूळ कमी, वेळ कमी. पातळ थराच्या चिकट मसाल्याने ती बसवली तर भार बेताचा राहतो. पण दीड इंच सिमेंट-वाळूचा थर आणि त्यावर फरशी घातली, तर दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो वजन वाढते. घराच्या स्लॅबचा हिशेब करताना माणसे आणि सामान मिळून दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरलेला असतो. म्हणजे पाहुणे येण्यापूर्वीच निम्मी जागा फरशीने अडवली! तेव्हा "यावर एवढं वजन चालेल का?" हा प्रश्न ज्या कंत्राटदाराला तुमच्या आधी पडतो, तो कामाचा.

सोसायटीची लेखी परवानगी घेणे हा काही मानापमानाचा प्रश्न नव्हे. मुंबईत तर अशा फेरफारांची सूचना महापालिकेला देण्याची तरतूद १८८८ च्या कायद्यातच आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हायला हवी. दुरुस्ती काढण्यापूर्वी सेक्रेटरींकडून शेवटचा अहवाल मागून वाचावा. आपल्या मजल्याविषयी त्यात काही लिहिले असेल, तर रंगाची छटा निवडण्याआधी ते पाहिलेले बरे.

कागद कसा वाचावा

घरकाम देण्याच्या तीन तऱ्हा आहेत. माल आपला आणि मजुरी त्याची, ही एक. मालासह बाबवार दर, ही दुसरी. आणि सगळे मिळून एक ठोक रक्कम, ही तिसरी. पहिलीत पैसे वाचतात, पण सिमेंट संपले की ऑफिसातून आपल्याला धावावे लागते. घरात कोणी मोकळे असेल तरच ती पत्करावी. तिसरी ऐकायला सोपी, पण तीत काय आले आणि काय नाही, यावरून सगळी भांडणे होतात. नोकरदार कुटुंबाला मधली सोयीची : बाब, माप, दर, रक्कम.

मापात मुख्य शब्द ‘ब्रास’. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. गिलाव्यासारख्या पृष्ठभागाच्या कामात शंभर चौरस फुटांनाही ब्रास म्हणतात. गिलावा मोजताना दारे-खिडक्या वजा करण्याचे नियम ठरलेले आहेत. अर्ध्या चौरस मीटरपेक्षा लहान झरोका वजा करीत नाहीत. त्याहून मोठे, पण तीन चौरस मीटरच्या आतले उघडे असेल, तर दोन्ही बाजूंना गिलावा असताना ते एकाच बाजूने वजा करतात. दुसरी बाजू चौकटीभोवतालच्या कडांच्या कामात जमा होते. उदाहरणार्थ, दहा फूट लांब व दहा फूट उंच भिंतीत तीन बाय सातचे एक दार असेल, तर दोन्ही बाजू मिळून २०० नव्हे, १७९ चौरस फूट होतात. एका भिंतीत २१ फुटांचा फरक. हा नियम तुम्हाला ठाऊक आहे एवढे कळले, तरी समोरचा फीत जरा सरळ धरतो.

दर योग्य आहे का हे पाहण्यासाठी सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची चाळावी. ती प्रसिद्ध केलेली असते. तिच्यातले दर लहान घरकामाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पण एकेका बाबीचे वर्णन वाचले, की कशात काय समाविष्ट असते हे कळते : मसाल्याचे प्रमाण, थराची जाडी, पाणी मारणे, राडारोडा हलवणे. आपल्या अंदाजपत्रकात यातले काय गाळले आहे, ते मग आपोआप दिसू लागते.

मालाच्या बाबतीत ‘उत्तम प्रतीचा’ या शब्दांना काही अर्थ नाही. प्लायवूडवर मानकाचा क्रमांक छापलेला असतो : ७१० म्हणजे पाण्यात टिकणारे, ३०३ म्हणजे सर्वसाधारण. ओट्याखालच्या कपाटाला ७१० ठरले असेल तर कागदावर ७१० असेच लिहून घ्यावे. वायरवर आयएसआयची खूण आणि कंपनीचे नाव पाहावे. सिमेंटच्या पोत्यावर ते कोणत्या आठवड्यात भरले हे छापलेले असते. तीन महिन्यांहून जुने पोते घरात घेऊ नये. न्हाणीघरासाठी ‘दहा वर्षांची गॅरंटी’ मिळाली तर आनंद आहे. मात्र तो धंदा स्वतः किती वर्षांचा आहे ते विचारावे, आणि गळती झाल्यास फरशी फोडणे व पुन्हा बसवणे कोणाच्या खर्चाने, हे त्याच कागदावर लिहून घ्यावे.

काम पाहायला कुठे जावे

प्रत्येक कंत्राटदार मोबाईलवर फोटो दाखवतो. फोटोत गळती दिसत नाही. त्याने केलेली दोन कामे प्रत्यक्ष पाहावीत : एक चालू असलेले, आणि एक पुरे होऊन निदान एक पावसाळा उलटलेले.

चालू कामावर गेलात तर भिंतीकडे नंतर पाहा, आधी जमिनीकडे पाहा. सिमेंटची पोती ओल्या लादीवर टाकली आहेत की फळ्यांवर रचली आहेत? मसाला मापाने कालवला जातो आहे की फावड्याच्या अंदाजाने? गिलाव्यावर पाणी मारले जाते का? साध्या सिमेंटच्या गिलाव्याला निदान सात दिवस ओल हवी असते. कामगाराच्या पायांत बूट आहेत की स्लिपर? त्यांचा अपघात विमा उतरवला आहे का, हेही विचारावे. उंचावरून एखादा गरीब माणूस तुमच्या घरात पडला, तर ती कोणा दुसऱ्याची गोष्ट राहत नाही.

पुऱ्या झालेल्या कामावर गेलात तर त्या घरच्या बाईंशी बोलावे. न्हाणीघरातले पाणी जाळीकडे धावते की कोपऱ्यात साचते, हे त्या एका वाक्यात सांगतील. मग जमल्यास एक जिना खाली उतरून त्या न्हाणीघराच्या खालचे छत पाहावे. कंत्राटदाराचे खरे प्रशस्तिपत्र तिथे लिहिलेले असते, आणि ते त्याला बदलता येत नाही.

पैसा आणि परीक्षा

पैसे देण्याचा क्रम हे गृहस्थाच्या हातातले एकमेव हत्यार आहे. सरकारी कामात कंत्राटदाराची काही रक्कम काम संपल्यावरही ठरावीक मुदतीपर्यंत राखून ठेवतात. घरात आपण ती रीत का सोडावी? मी सुचवतो तो क्रम असा : सुरुवातीला १० टक्के, तोडफोड, राडारोडा आणि भिंतीतले पाइप-वायर झाल्यावर २५, जलरोध आणि गिलावा झाल्यावर २५, फरशी, ओटा, दारे झाल्यावर २५, सगळे आवरून घर ताब्यात मिळाल्यावर १०, आणि उरलेले ५ टक्के एक पावसाळा गेल्यावर. निम्मी रक्कम आगाऊ मागणाऱ्याचे बहुधा आधीचे कोणाचे तरी काम पैशावाचून अडलेले असते. आपल्या पैशाने त्यांच्या फरशा येतात.

प्रत्येक हप्त्याआधी एक परीक्षा ठरवावी. भिंतीतल्या खाचा बुजवण्यापूर्वी पाइपांत दाबपंपाने पाणी भरून काटा खाली येत नाही ना ते पाहावे, आणि पाइप व वायर कुठून गेल्या याचे फोटो काढून ठेवावेत. पुढे चित्र टांगताना उपयोगी पडतात. न्हाणीघराचा जलरोध झाला, की फरशी बसवण्यापूर्वी जाळीला बूच मारून निदान २४ तास पाणी भरून ठेवावे आणि खालच्यांना छत पाहायला सांगावे. विजेच्या पेटीत ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच आहे ना, आणि त्याची चाचणीची कळ दाबली की तो पडतो ना, हे स्वतः पाहावे. न्हाणीघरातल्या गिझरपाशी जीव वाचवणारी वस्तू आहे ती. या परीक्षांना जो हसून तयार होतो त्याला पैसे देताना आपलाही हात आखडू नये.

आपलीही बाजू

कंत्राटदारांची बाजू तीस वर्षे ऐकल्यामुळे ती न सांगणे अन्यायाचे होईल. फरशी बसवून झाल्यावर "हिचा रंग फोटोत वेगळा वाटला होता," असे म्हणणारी गिऱ्हाइके मी पाहिली आहेत. दर रविवारी भेटीला आलेल्या मेहुण्याच्या सल्ल्याने बेत बदलणारीही पाहिली आहेत. काम सुरू होण्याआधी मन ठरवावे. मध्येच काही वाढवायचे झाले, तर त्याचा दर आणि लागणारे दिवस दोन ओळींत लिहून दोघांनी सही करावी. मोबाईलवरचा निरोप चालेल, पण तोंडी नको. ठरलेला हप्ता ठरलेल्या दिवशी द्यावा, कारण शनिवारी मिस्त्रीला मजुरी द्यायची असते. काम करणाऱ्यांना प्यायला पाणी आणि वापरायला संडास द्यावा. चारच्या चहाचा खर्च अंदाजपत्रकात नसतो, पण त्याची परतफेड कोपऱ्याकोपऱ्यांत मिळते.

इतके करूनही गोष्टी बिघडल्या तर? आधी लेखी कळवावे, फोटोसह, आणि दुरुस्तीला मुदत द्यावी. बरीच भांडणे इथेच मिटतात. न मिटल्यास ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. घरबांधणी ही ग्राहक कायद्यातली ‘सेवा’ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच म्हटले. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगापुढे जाते, ५ लाखांपर्यंत असेल तर फीही नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असे नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा सल्ला मिळतो. मात्र आयोगापुढे तोंडी रामायण चालत नाही. तिथे अंदाजपत्रक, बिल, पावत्या, फोटो हेच बोलतात. ते जपून ठेवले असतील तर त्यांचा उपयोग करण्याची वेळ सहसा येत नाही.

दिवाळी झाली, की थंडीचे कोरडे दिवस येतात आणि घरोघरी दुरुस्तीचे बेत शिजू लागतात. आपला बेत असेल तर अवश्य करावा. घर नीटनेटके असण्यात केवढे सुख आहे! पण त्याआधी एखाद्या निवांत दुपारी घरातल्या मुलांना बरोबर घेऊन भिंतींवर बोटाने टकटक करीत फिरावे. ही नुसती विटांची भिंत, हा खांब, ही तुळई, आणि या खांबावर आपण एकटे नाही, वरची दोन बिऱ्हाडेही उभी आहेत, हे त्यांना दाखवावे. पुढे त्यांनी आपल्या हौसेचे घर करायला घेतले, तर कोणत्या कंत्राटदाराला चहा पाजून निरोप द्यायचा, हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही.